मिडल स्ट्रेटच्या अलीकडे

गेल्या डिसेंबरात मी अंदमानला गेले होते. जिरकाटांगच्या नाक्यावरून निघालेली आमची गाडी जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून मिडल स्ट्रेट या सामुद्रधुनीच्या धक्क्याकडे चालली होती. वाटेत रस्त्याच्या कडेला एक मुलगा उभा दिसला आणि त्याला पाहताच माझा उजवा हात आपोआप वर उठला. छातीपर्यंत आला असेल नसेल, तेवढ्यात पहाटे ड्रायव्हरने बजावून सांगितलेले आठवले: काच खाली करायची नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचे नाही, हात करायचा नाही. हात तिथेच थांबला. मग मी तो केसांकडे नेला, जणू काही कपाळावरची बट सावरण्यासाठीच तो उचलला होता. गाडी पुढे गेली. सारी मिळून तीन-चार सेकंदांची गोष्ट. परंतु घरी परतून इतके महिने झाले तरी तो अर्धवट उठलेला हात मनातून जात नाही. तो पूर्ण वर गेला असता तर चूक झाली असती, हे मला कळते. मी तो ज्या रीतीने लपवला, तेही मला बरोबर वाटत नाही.

तो मुलगा कसा दिसत होता ते मी इथे लिहिणार नाही. केवळ जारवा ‘दिसावेत’ म्हणून त्या रस्त्याने जाणारे पुष्कळ असतात आणि माझ्या वर्णनाने त्या हौसेत भर पडावी अशी माझी इच्छा नाही. एवढेच सांगते की तो आमच्याकडे पाहत नव्हता. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि रस्त्यातल्या एका खड्ड्यात पाणी साचले होते. गाडीचे चाक त्यातून गेले की पाणी दोन्ही बाजूंना उडायचे आणि चाक पुढे जाताच ओघळत पुन्हा खड्ड्यात गोळा व्हायचे. तो ते पाहत होता. आमच्या पुढची गाडी, मग आमची, मग मागची.

लहान नकाशात दक्षिण, मध्य आणि उत्तर अंदमान मिळून एकच लांबट बेट असल्यासारखे दिसते. नकाशा मोठा केला की त्याला आडव्या कापणाऱ्या तीन बारीक रेषा उमटतात. दक्षिण अंदमान आणि बाराटांग यांच्यामध्ये मिडल स्ट्रेट, बाराटांग आणि मध्य अंदमान यांच्यामध्ये हम्फ्री, आणि मध्य व उत्तर अंदमान यांच्यामध्ये ऑस्टिन. म्यानमारमधली आराकान योमा ही डोंगररांग दक्षिणेला समुद्रात उतरते आणि तिचेच बुडालेले माथे पुढे अंदमान बेटे म्हणून वर येतात. हिमयुग सरले, समुद्र चढला, दऱ्यांमध्ये पाणी शिरले आणि डोंगर एकमेकांपासून तुटले. म्हणूनच मिडल स्ट्रेटच्या काठावर उभे राहिले की आपण समुद्रापाशी आलो आहोत असे वाटत नाही. लाट नाही, गाज नाही, क्षितिज नाही. दोन्ही काठांना कांदळांची दाट हिरवी भिंत, मध्ये गढूळ हिरवट पाणी, आणि पैलतीरावर उभ्या माणसाच्या सदऱ्याचा रंग ओळखू येईल इतकेच अंतर. तिथली माणसेही या पाण्याला ‘क्रीक’च म्हणतात. मला तर पहिल्या क्षणी आजोळची खाडीच आठवली.

माझे आजोळ कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात आहे. पलीकडच्या गावी जायचे तर तरीने जावे लागे. तरीवाला मुलांना मधोमध बसवी आणि बाजूने हात पाण्यात घालू देत नसे. आजी तरीत पाय ठेवण्यापूर्वी वाकून बोटे पाण्याला लावी आणि ती कपाळाला लावी. हे ती इतक्या सहज करी की अनेक वर्षे मला तो तरीत चढण्याच्या हालचालीचाच एक भाग वाटत होता. परंतु त्या प्रवासातली मला अधिक लख्ख आठवणारी गोष्ट पाण्यावरची नाही, पाणी ओलांडल्यानंतरची आहे. पलीकडच्या उतारावरून आत्याआजीच्या घराकडे जाणारी पायवाट दोन घरांच्या खळ्यांतून जायची. गडग्याला बांबूचे बेडे असायचे. आजी ते बेडे उघडी, आम्हा सगळ्यांना आत घेई, मागे वळून ते नीट लावी, आणि मग घराच्या दिशेने मोठ्याने म्हणे, “जातो हो!” आतून कधी कुणी “जा हो, सावकाश” म्हणे, कधी नुसता भांड्यांचा आवाज येई, कधी काहीच येत नसे. उत्तराची ती वाट पाहत नसे. मात्र घरात कुणी नाही हे ठाऊक असले तरी हाक दिल्याशिवाय तिने त्या खळ्यात पाऊल पुढे टाकलेले मला आठवत नाही.

जिरकाटांगला बेडे आहे, हाक नाही.

हे बेडे म्हणजे पोलीस नाका. पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आता श्री विजयपुरम नाव झालेल्या शहरातून, मध्यरात्र उलटताच गाड्या निघतात आणि अंधारातच नाक्यावर रांग लावतात, कारण पहिला ताफा सकाळी सहाला सुटतो. अंदमान आपल्या देशाच्या इतक्या पूर्वेला आहे की घड्याळात पाच वाजतात न वाजतात तोच तिथे फटफटू लागते. त्या फिकट उजेडात टपऱ्यांवरची स्टोव्हची भरभर, चहाचा वास, ओळखपत्रांच्या प्रती आणि प्रवाशांची नावे लिहिलेले अर्ज घेऊन धावणारे ड्रायव्हर, थंडीने नव्हे तर झोपमोडीने कुरकुरणारी लहान मुले. माझ्या गाडीत आणखी चार प्रवासी होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी ड्रायव्हरला विचारले, “आज दिसतील ना?” विचारण्यात दुष्टपणा मुळीच नव्हता, अभयारण्याच्या दारात जिप्सीत बसताना आपण ज्या आवाजात वाघाबद्दल विचारतो, तोच तो आवाज होता. ड्रायव्हर काही बोलला नाही. मीही बोलले नाही आणि ते न बोलणेही मला आज डाचते.

फाटक उघडले. पुढे पोलिसांची गाडी, मागे पोलिसांची गाडी, मध्ये आमची रांग. थांबायचे नाही, एकमेकांना मागे टाकायचे नाही, वेग चाळिशीच्या वर न्यायचा नाही. मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर अशाच रांगेने जायचे. दोन्हीकडे जंगल इतके उंच आणि इतके ओले की काचेआडूनही त्याचा वास येत असल्याचा भास होत होता. गर्जनाची सरळसोट खोडे, पडौकाचे रुंद पसरलेले बुंधे, वेलींचे जाड दोर. आणि त्या सगळ्याच्या मधून आमच्या डिझेलचा धूर. हे जंगल १९५७ पासून जारव्यांसाठी राखीव आहे. त्याआधीच्या वर्षीच अंदमान-निकोबारातल्या आदिम जमातींच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. म्हणजे हे घर त्यांचे आहे असे सरकारनेच लिहून दिले, आणि पुढच्या काळात त्याच घरातून रस्ता काढला.

रस्ता काढताना काय झाले ते त्या बेटांवरच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. मजुरांवर बाण आले, काही मजूर मेले, काम थांबले, पोलिसांच्या पहाऱ्यात पुन्हा सुरू झाले. मजुरांची नोंद कुठल्या ना कुठल्या कागदावर राहिली. जंगलात कोण आणि किती पडले, ते लिहायला तिथे कुणी नव्हते. १९९६ मध्ये कदमतळा गावाजवळ पाय मोडलेला एक जारवा मुलगा सापडला. त्याला पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात काही महिने ठेवून बरे केले आणि परत सोडले. त्यानंतर, १९९७ च्या अखेरीपासून, जारवा धनुष्यबाण न घेता रस्त्यावर आणि धक्क्यांवर येऊ लागले. वैर संपले म्हणून पुष्कळांना आनंद झाला. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्या घरात पोराला गोवर निघाला की कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवून आठ दिवस काढतात. ज्यांच्या रक्ताला त्या आजाराची ओळखच नाही, त्यांच्यासाठी तो केवढा असेल याची कल्पना मला करवत नाही. ७ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातून जाणारा रस्त्याचा भाग तीन महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. मी त्या रस्त्याने गेले ते त्यानंतर वीसहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात, जानेवारी २०१२ मध्ये, पर्यटकांसमोर खाण्याच्या तुकड्यांसाठी नाचायला लावलेल्या जारवा स्त्रियांची चित्रफीत जगभर पाहिली गेली. पुढच्या वर्षी न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना या रस्त्यावर मज्जाव केला आणि नंतर तो उठवला. २००१ च्या जनगणनेत जारवा २४० होते, २०११ मध्ये ३८०. आमच्या त्या एका सकाळच्या रांगेत त्यांच्याहून कमी माणसे नसावीत.

‘जारवा’ हा शब्दसुद्धा त्यांचा नाही. ते स्वतःला ‘अंग’ म्हणतात. आजच्या पोर्ट ब्लेअरच्या परिसरात पूर्वी राहणाऱ्या अका-बिआ लोकांच्या भाषेत जारवा म्हणजे परके, दुसरे. ते अका-बिआ आता उरले नाहीत, त्यांची भाषाही उरली नाही. त्यांनी शेजाऱ्यांना दिलेले नाव मात्र आमच्या गाडीतल्या प्रत्येकाच्या तोंडी होते.

मिडल स्ट्रेटच्या धक्क्यावर रांग सुटली आणि सगळ्यांनी एकदम काचा खाली केल्या. दीड तास रोखून धरलेला श्वास सोडावा तसे दारे उघडण्याचे आवाज झाले. फेरी पलीकडून येत होती: रुंद, चपटी, जुन्या रंगाचे पोपडे निघालेली, वर दोन बस आणि काही लहान गाड्या मावतील एवढी. आमच्याकडे अशा बोटीला जंगलजेटी म्हणतात. ती काठाला लागण्यापूर्वीच खलाशाने साखळी सैल केली, लोखंडी फळी करकरत खाली आली आणि धक्क्याच्या उतारावर घासून टेकली. आधी पलीकडून आलेली बस बाहेर पडली. तिच्या वजनातून सुटताच बोट वीतभर उंच झाली आणि फळीखालचे पाणी चुबकन आवाज करून मागे सरले. मग आमच्याकडची बस हळूहळू मागे-पुढे करीत चढली. खलाशी नुसत्या बोटांच्या इशाऱ्याने तिला जागेवर नेत होता. बसमधले प्रवासी आधीच उतरून बाजूने चालत चढले होते. कुणाच्या हातात कोंबडीची टोपली, कुणाच्या खांद्यावर तांदळाचे पोते, एका शिक्षिकेच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा.

मी कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिले. ओहोटी लागली होती. कांदळांची कमानदार मुळे उघडी पडत होती आणि त्यांच्या मधल्या चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे ते छोटे मासे, उड्या मारीत होत्या; एक निवटी मुळावर चढून, गाल फुगवून, वर आलेल्या डोळ्यांनी आमच्या बोटीकडे पाहत बसली होती. काठावर मगरींबद्दल इशारा देणारी पाटी होती. इंजिनाची थरथर पायांच्या तळव्यातून गुडघ्यापर्यंत येत होती. पाणी पूर्वेकडे वाहत होते की पश्चिमेकडे, ते मला कळेना. अशा सामुद्रधुनीत भरतीचे पाणी दोन्ही तोंडांनी आत येते आणि मध्ये कुठेतरी एकमेकांना भेटते. सारा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. आजोळच्या तरीला याहून अधिक वेळ लागायचा. ज्यासाठी मध्यरात्री उठून निघालो ते सामुद्रधुनी ओलांडणे इतके सोपे, इतके निवांत होते, आणि त्या पाण्यावर असताना मला पहिल्यांदाच वाटले की या क्षणी आपण कुणाच्या घरात नाही.

तेही खरे नव्हे, हे नंतर ध्यानात आले. जारवाही हे पाणी ओलांडतात. लाकडाचे ओंडके वेलींनी एकत्र बांधून ते तराफा करतात आणि त्यावरून खाड्या पार करतात. मिडल स्ट्रेट त्यांच्या राखीव क्षेत्राची कडा आहे हे आपण ठरवलेले. त्यांच्या हिशेबात तो कदाचित घरातलाच एक उंबरठा असेल.

मध्य अंदमानातल्या रंगतला माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त राहतो. त्याच्या शेजारी एक वयस्कर बंगाली गृहस्थ आहेत. १९५० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने मध्य अंदमानात जंगल तोडून जमिनी दिल्या, त्यांत त्यांचे आईवडील होते. तेव्हा रस्ता नव्हता. पोर्ट ब्लेअरहून यायचे तर बोटीने, पूर्व किनाऱ्याकडेने. एक अख्खा दिवस उलट्या करण्यात जायचा, खवळलेला समुद्र असला तर बोटच सुटायची नाही आणि मग मीठ, रॉकेल, औषध सगळेच संपायचे, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना विचारले, की बोटच बरी होती असे कधी वाटते का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, की बोटीत बसल्यावर भीती फक्त समुद्राची वाटायची. एवढे बोलून ते घरात गेले आणि आमच्यासाठी नारळ घेऊन आले.

त्यांचे वाक्य मी परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा घोळवत होते. पर्यटकांना समुद्रमार्गे थेट बाराटांगला न्यावे ही सूचना जुनी आहे आणि मला ती पटते. चुनखडीच्या गुहा पाहण्यासाठी कुणाच्या घरातून जाण्याची गरज नाही. माझ्यासारखीने तर बोटीनेच जायला हवे होते, आणि मी तसे केले नाही, कारण गाडी सोयीची होती. हम्फ्रीवर आता सुमारे दीड किलोमीटरचा आझाद हिंद फौज सेतू झाला आहे, ऑस्टिनवर चेंगप्पा पूल कधीचाच आहे. मिडल स्ट्रेटवरही पूल बांधण्याच्या गोष्टी होतात. तो झाला की फेरी बंद होईल, बसमधून उतरणे, पाण्याजवळ उभे राहणे, निवटीकडे पाहणे संपेल, आणि जंगलातल्या रस्त्यावरची वाहने वाढतील. पूल नको, रस्ता नको, असे माझ्या मनाने रंगतहून निघताना जवळजवळ ठरवून टाकले होते.

परतताना मी सरकारी बसने आले. बाराटांगला एक म्हातारी नातवाला घेऊन चढली. बाराटांगमध्ये रांचीकडून मजुरीसाठी येऊन स्थायिक झालेली बरीच कुटुंबे आहेत, त्यांतली ती. मुलगा पाच-सहा वर्षांचा, तापाने लालबुंद झालेला. तीन दिवस गोळ्या देऊनही ताप उतरत नव्हता म्हणून ती त्याला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेत होती. फेरीवर सगळे उतरले तेव्हा तिने त्याला कडेवर घेतले आणि कठड्याच्या सावलीत बसली. मी माझी पाण्याची बाटली दिली. बोलता बोलता ती मला, तू बाहेरची कोण, कशाला आलीस, असे विचारू लागली आणि मी रस्त्याबद्दल काहीतरी बोलले. जारव्यांना त्रास होतो, कोर्टाने बंद करायला सांगितले होते, असे. तिने रागावून पाहिले नाही. नातवाच्या ओठांना बाटली लावत ती म्हणाली, “उन लोग का जंगल है, वो तो है. लेकिन दीदी, रोड बंद हो जाएगा तो इसको लेकर हम किधर से जाएगा?”

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

फळी खाली पडली, बस उतरली, आम्ही चढलो. जागा कमी होती, म्हणून ती माझ्या शेजारी बसली आणि मुलाचे पाय तिच्या मांडीवर, डोके माझ्या मांडीवर आले. धक्क्यावर ताफा जमेपर्यंत अर्धा तास गेला. मग कंडक्टरने सगळ्यांना काचा लावायला सांगितल्या आणि बस रांगेत लागली. झाडे सुरू झाली. मुलाला ग्लानी आली होती. मधूनच तो दचकायचा आणि पुन्हा शांत व्हायचा. म्हातारीने पदर ओला करून माझ्याकडे दिला. मी तो त्याच्या कपाळावर ठेवला आणि वरून हात दाबून धरला, कारण बसच्या हिसक्यांनी तो घसरत होता. कापड दोन-तीन मिनिटांतच कोमट होत होते. पुढच्या बाकावरचे लोक एकदम उजवीकडे वाकले, कुणीतरी हलक्या आवाजात काही म्हटले, बसचा वेग किंचित कमी झाला. बाहेर कोण होते ते मला माहीत नाही. मी पदराची घडी उलटली, थंड बाजू खाली केली आणि तोंडातल्या तोंडात, आजी म्हणायची तसे, “जातो हो” म्हटले. ते काचेच्या आतच राहिले. बसने वेग घेतला, पाणी साचलेला एखादा खड्डा चाकाखालून गेला, आणि मुलाने डोळे न उघडता माझे बोट धरले.